गूळ चाखणाऱ्याचं लिव्हर

बोरगाव,
फेब्रुवारी १९८८

प्रिय तारा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. आजवर तुला पत्र लिहायचं काम तुझ्या आईचं, आणि खाली उरलेल्या जागेत ‘अभ्यास कर, तब्येत जप’ एवढं लिहून सही करायची हे माझं. आज मीच पहिल्यापासून लिहायला बसलोय म्हटल्यावर ती दोनदा डोकावून गेली. एवढं काय लिहिताय म्हणाली. लेकीशी बोलतोय, बोलू दे, म्हटलं. तेव्हा हसली आणि आत गेली.

इकडं ऊस संपत आला. गुऱ्हाळं अजून थोडे दिवस चालतील. आव्वाच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आणि आता तिला सगळं स्वच्छ दिसतंय, ही घरावर आलेली नवी आपत्ती. कोपऱ्यातलं जळमट, भांड्यावरचा डाग, माझ्या धोतराचा मळका काठ, काही सुटत नाही. इतकी वर्षं लेकानं-सुनेनं मला घाणीत ठेवलं म्हणून कन्नडमधून आम्हाला बोलत असते. तू सुट्टीला येशील तेव्हा तुझ्या केसांचीही तपासणी होईल, तयारीनं ये.

आता माझी बातमी. मागच्या आठवड्यात मी बेळगावला जाऊन पुन्हा सोनोग्राफी करून आलो. तुझी प्रॅक्टिकल्स चालली होती म्हणून आधी कळवलं नाही. लिव्हरवरची चरबी जवळजवळ गेलीय. रक्तातलं कोलेस्टेरॉलही खाली आलंय. डॉक्टर भीमसेननी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “अण्णा, आता हे टिकवायचं. सोडलं की परत येतंय.” मला वाटलं होतं शाबासकी देतील. तुझे डॉक्टर शाबासकी देणाऱ्यांतले नाहीत. पण दवाखान्यातून बाहेर पडलो आणि कॅम्पातल्या त्या मोठ्या झाडांखाली जरा वेळ उभा राहिलो, तेव्हा पहिली आठवण तुझी झाली. हे पत्र तेव्हाच मनात सुरू झालं.

पावणेदोन वर्षं झाली या गोष्टीला. त्या उन्हाळ्यात मला थकवा यायचा. उजव्या बरगडीखाली जड जड वाटायचं, जसं काही तिथं कुणी ओलं पोतं ठेवलंय. मी कुणाला सांगितलं नाही, पण तू सुट्टीला आली होतीस आणि माडीचा जिना चढताना मी मधेच थांबलेलो तू बघितलंस. निपाणीच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, लिव्हर हाताला लागतंय म्हणाले. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल खूप वाढलेलं. बेळगावात सोनोग्राफीचं यंत्र नवीनच आलं होतं, तिथं पाठवलं. सत्याप्पाला बेळगावची माहिती म्हणून तुझ्याबरोबर त्यालाही घेतलं. तुझं स्थळ त्यानंच जुळवून आणलेलं, चिकोडीच्या पाटलांचा पार्श्वनाथ, त्यामुळं तो तेव्हा घरच्यासारखाच वावरत होता.

ती खोली मला अजून दिसते. अंधार, पोटावर थंड चिकट काहीतरी लावलेलं, आणि पडद्यावर पाऊस पडत असल्यासारखे ठिपके. त्या डॉक्टरांनी यंत्र पुसत मला आधी कन्नडमध्ये विचारलं, मग मराठीत, किती वर्षांपासून घेता? मला कळलंच नाही काय घेतो ते. कळल्यावर म्हटलं, आम्ही जैन, घरात कांदासुद्धा येत नाही, दारू कसली. ते हसले. वाईट माणूस नव्हता. रोज तशीच माणसं बघून त्याची खात्री झालेली. लिव्हरवर अशी चरबी चढते ती पिणाऱ्यांच्याच, आणि पिणारे सगळे आधी नाहीच म्हणतात, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. सत्याप्पा दाराशी उभा राहून ऐकत होता. मी शर्टाची बटणं लावत होतो. तेव्हा तू बोललीस. आवाज चढवला नाहीस. “आप्पा घेत नाहीत, डॉक्टर. हे आणखी कशानं होतं ते सांगा.” त्यांना सांगता आलं नाही. पण तारा, बावन्न वर्षांच्या माणसाची लाज त्याच्या वीस वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात झाकली. परतीच्या गाडीत मी तुझ्याकडं बघू शकलो नाही. तू खिडकीबाहेर बघत होतीस, आणि संकेश्वर गेल्यावर म्हणालीस की कॉलेजात सरांना विचारते, याची दुसरी कारणं असणारच. खरं सांगतो, मला काय वाटलं होतं? आता तू हळूच विचारशील की आप्पा, एखाद्या वेळेस तरी? तू विचारलं नाहीस. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

बाकी सगळ्यांनी विचारलं. सत्याप्पानं मुद्दाम बोभाटा केला असं मी म्हणणार नाही. त्यानं काळजीनंच दोघांना सांगितलं, त्या दोघांनी काळजीनंच चौघांना. बाजारात गुळाचा सौदा संपल्यावर एक अडत्या, जो संध्याकाळी कुठं बसतो ते साऱ्या निपाणीला ठाऊक, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, कलगोंडा, आमच्यात यायचं होतंस की रं, एकटाच कशाला? इतक्या प्रेमानं मला त्या बाजारात कुणी कधी जवळ केलं नव्हतं. हसावं की रडावं कळेना. घरी आव्वा माळ ओढताना माझ्याकडं बघायची. एकदा मी अंघोळीहून आलो तर खुंटीवरचा माझा सदरा तुझ्या आईच्या हातात, आणि सदरा नाकाशी. मला बघून तिनं तो धुण्यात टाकला. तिला दोष देत नाही. डॉक्टरच्या कागदापुढं बायकोचा विश्वास किती टिकणार. आणि खरं सांगू, मीच आरशात बघून विचार करायला लागलो होतो की झोपेत तर काही करत नाही ना.

मग पाटील आले. दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले, पार्श्वनाथही बरोबर होता. बोलणं अगदी गोडीचं. आमचा तुमच्यावर संशय नाही, पण लोकांची तोंडं बंद करायची, तर बस्तीत चला, गाभाऱ्यात भगवंतासमोर उभे राहा, मी दारू शिवलेली नाही एवढं म्हणा, विषय संपला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते सोपं वाटलं. खरं ते देवासमोर सांगायला काय जातंय? मी सोवळं नेसायला उठलो. त्या वेळी तू स्वैपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन आलीस, बशा खाली ठेवल्यास, आणि मला म्हणालीस, बसा आप्पा. मग पाटलांकडं वळून, “आप्पांनी एकदा सांगितलंय, न्हाई म्हणून. तेवढ्यानं तुमचं भागत नसंल तर मला तुमच्या घरात यायचं न्हाई.”

पार्श्वनाथ खाली बघत होता. कुणी पोहे खाल्ले नाहीत. ते गेल्यावर घरात जे झालं ते तुला माहीत आहे. आव्वानं तुझ्याशी बोलणं टाकलं. आई रडली, हातचं स्थळ घालवलंस म्हणाली. सत्याप्पा मला म्हणाला, पोरगी लई शिकली. मी गप्प बसलो होतो. रागावलो होतो असं तुला वाटलं असेल. रागावलो नव्हतो गं. बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळ्यांसमोर रडू फुटलं असतं. मला इतकंच कळत होतं की ते स्थळ तुला मनापासून आवडलं होतं. पार्श्वनाथ तुला बघायला आला होता तेव्हा त्यानं काहीतरी विचारलं आणि तू हसलीस, ते हसू मी तुझ्या लहानपणानंतर पहिल्यांदा बघितलं होतं. ते तू माझ्या एका शब्दासाठी सोडून दिलंस, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी मला ताक आणून दिलंस.

तुला आठवत असेल, मी एक ठरवलं होतं. भाद्रपदात दशलक्षण पर्व येणार होतं. दहाही दिवस नुसत्या पाण्यावर उपवास करायचा. शपथ नको तर नको, पण लोकांना बघू दे की कलगोंडाचं शरीर किती शुद्ध आहे. खरं तर ते धर्मासाठी नव्हतं, अंगावर उडालेला चिखल धुवायला होतं. आव्वाला अभिमान वाटला, बस्तीत नाव पुकारायचं ठरलं. आणि तू येऊन म्हणालीस की त्याआधी एकदा माझ्याबरोबर बेळगावला चला. सरांनी एक डॉक्टर सांगितलेत. नाही पटलं तर परत येऊन उपवासाला बसा.

डॉक्टर भीमसेननी माझं नाव, गाव विचारलं आणि म्हणाले, निपाणीच्या बाजारात गुळाचं दुकान असलेले? मग म्हणाले, मी तानीबाईचा मुलगा. तंबाखूच्या वखारीत काम करणारी तानीबाई मला आठवली. संध्याकाळी घरी जाताना आमच्या दुकानातून गूळ न्यायची, बोटं तंबाखूनं पिवळी झालेली, पदराआड खोकला. तिचा मुलगा मिरजेला शिकून डॉक्टर झाला हे ऐकून होतो, बघत पहिल्यांदाच होतो. मी लगेच सांगायला लागलो की मी पीत नाही. त्यांनी हात वर करून थांबवलं. “तुमची लेक बोललीय. मी धरून चाललोय, तुम्ही पीत न्हाई. आता दिवसभर काय खाताय ते सांगा.” आणि मग सहज म्हणाले, तुम्हाला निदान विचारलं तरी. आमच्या वस्तीतल्या माणसाचं लिव्हर वाढलं तर विचारतसुद्धा नाहीत, पितो असं लिहूनच टाकतात. त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. पण ते वाक्य ऐकल्यापासून माझ्या दुःखाचा आकार जरा लहान झाला.

मी दिवसभराचं सांगत गेलो आणि माझं मलाच ऐकू यायला लागलं. सकाळी दूध-गूळ. सौद्यात प्रत्येक ढेपेला सुरी लावायची, खडा जिभेवर टाकायचा, कस बघायचा. हंगामात अशा किती ढेपा, मोजदाद नाही. गादीवर बसूनच दिवस जायचा. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून घाईनं, दोन वेळचं एका वेळी, वर तुपाची धार, आणि आव्वाच्या हातची पुरणाची होळगी असली तर विचारूच नको. डॉक्टर लिहून घेत होते. म्हणाले, दारूनं लिव्हरवर चरबी चढते हे खरं, पण दारूनंच चढते असं नाही. परदेशात अलीकडं डॉक्टरांनी लिहिलंय, थेंबही न घेणाऱ्यांची लिव्हरं अगदी दारुड्यांसारखी निघालीत. गोड फार झालं, शरीर हललं नाही, पोट सुटलं, की उरलेल्या गोडाची लिव्हर चरबी करतं आणि स्वतःतच साठवतं.

मी विचारलं, मग रक्तातलं कोलेस्टेरॉल कशानं? ते तर तुपानं वाढतं म्हणतात. तेव्हा ते म्हणाले, “अण्णा, कोलेस्टेरॉल नुसतं ताटातनं येत न्हाई. लिव्हरच ते तयार करतंय, आणि रक्तात सोडायचं कामबी त्याचंच. तुमची वखार भरली की माल कुठं जातो?” मी म्हटलं, दारात, रस्त्यावर. “तसंच.” लिव्हरमध्ये चरबी मावेनाशी झाली की ते रक्तात जास्त चरबी सोडायला लागतं, आणि रक्तातलं सगळं गणित बिघडतं. प्रत्येकाचं तसंच होईल असं नाही, कुणाच्या लिव्हरवर चरबी असून रक्त चांगलं असतं, कुणाचं उलट. पण पुष्कळदा दोन्ही दुखणी एकाच घरची असतात. म्हणून एकट्या कोलेस्टेरॉलच्या मागं लागायचं नाही, घर दुरुस्त करायचं. तू शास्त्र शिकतेस, माझ्या सांगण्यात चूक असेल तर हसू नकोस. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आजाराचं कारण माझ्या धंद्याच्या भाषेत कळलं होतं.

उपवासाचं तू त्यांना आधीच सांगितलं असणार, कारण त्यांनी आपण होऊन विषय काढला. एकदम अन्न तोडलं तर अंगावरची चरबी सगळी धावत लिव्हरकडंच जाते, आहे त्यापेक्षा वाईट होईल, म्हणाले. वजन हळूहळू उतरायला पाहिजे. आणि मग ज्यानं मी हरलो ते म्हणाले. तुमच्या धर्मात सूर्य मावळायच्या आत जेवायचं सांगितलंय, ते चांगलंच आहे, फक्त थोडं जेवा, आणि जेवून झोपू नका, चाला. मी घरी येऊन आव्वाला सांगितलं की उपवास नाही. तिनं विचारलं, कोण म्हणतं? मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात आणि तारा म्हणते. आव्वा तुला हाक मारून म्हणाली, ये, जेवायला वाढ. तुझ्याशी ती तेव्हा पहिल्यांदा बोलली.

पुढचं तुझ्या गैरहजेरीत झालं, कारण तू एम.एस्सी.ला धारवाडला गेलीस. रोज पहाटे नदीकडं चालतो. पहिल्या दिवशी कुत्री मागं लागली, आता ओळखून बरोबर येतात. गुळाचा खडा जिभेवर टाकणं बंद केलं. बाजारात सगळे म्हणाले, कलगोंडाचा धंदा बसला. पण गूळ डोळ्यालाही कळतो, बोटालाही कळतो. रंग बघायचा, कणी चुरून बघायची, वास घ्यायचा. एखादी ढेप फसवते, चालायचंच. तुझी आई आता भाकरी, मुगाची उसळ आणि ताक, एवढ्यावर मला ठेवते. होळगी सणाला एक, तीही तिच्या पाळतीखाली. डॉक्टरांच्या दवाखान्यात ती माझ्याबरोबर एकदा येऊन सगळं ऐकून गेली. परत येताना गाडीत ती एवढंच म्हणाली की तुमचे सदरे आता ढगळ व्हायला लागलेत, उसवून आत घेते. त्यात सगळं आलं.

गेल्या दिवाळीनंतर एक दिवस पाटील दुकानात आले. एकटेच. बराच वेळ दराचं बोलत बसले, गूळ घ्यायचा नव्हता हे उघड होतं. मग म्हणाले, माझंही तसंच निघालंय. बरगडीखाली जड वाटत होतं, तपासलं, लिव्हरवर चरबी आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टरांनी मला किती वर्षं घेता म्हणून विचारलं. असं म्हणून ते खाली बघत राहिले, आणि मला त्या बैठकीत खाली बघणारा त्यांचा मुलगा आठवला. तारा, या क्षणाची मी कधीकधी स्वप्नं बघितली होती, लपवत नाही. पण समोर बसलेला माणूस घाबरलेला होता. बायकोला अजून सांगितलं नाही म्हणाला. मी त्यांना काही विचारलं नाही. त्याच आठवड्यात त्यांना घेऊन डॉक्टर भीमसेनकडं गेलो. आता महिन्यातून एकदा आम्ही एकाच गाडीनं जातो, दोघंही खिशात भाजके हरभरे घेऊन, दोन म्हाताऱ्या शाळकरी पोरांसारखे. ते तुला हसू येईल म्हणून लिहिलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. गेल्या रविवारी पाटील पार्श्वनाथला घेऊन घरी आले आणि त्यांनी तुला पुन्हा मागणी घातली. एम.एस्सी. पुरं होईपर्यंत थांबू, पुढं नोकरी करायची तर करू दे, असं त्यांनीच आपण होऊन सांगितलं. बाकीचे आत गेल्यावर पार्श्वनाथ माझ्याजवळ आला. म्हणाला, “त्या दिवशी मी बोलायला पायजे होतं, आप्पा. बोललो न्हाई.” त्याचं अजून लग्न झालेलं नाही. आणलेली स्थळं त्यानं परत पाठवली, हे सत्याप्पाकडून कळलं. तुझ्या आईला हवं आहे. आव्वानं तर माळ्यावरची भांडी उतरवून घ्यायला सांगितलीत. मी मात्र हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. पाटलांना सांगितलं की तारा कळवेल तसं. तुझ्या मनात काय आहे मला माहीत नाही, आणि मी अंदाज बांधणार नाही. तू हो लिहिलंस तर मी चिकोडीला जाऊन आनंदानं सांगून येईन. नाही लिहिलंस तरी मीच जाईन, बिनसाखरेचा चहा पिऊन येईन, आणि पुढच्या महिन्यात पाटील आणि मी आमच्या नेहमीच्या गाडीनं बेळगावला जाऊ. घरातलं कुणी तुला एक शब्द बोलणार नाही, ते माझ्याकडं लागलं. एका ओळीचं कार्ड टाक. कारण लिहू नकोस.

तुझाच,
आप्पा